चार स्टिक लावल्यावर अस्थिर झालेला डेस्कटॉप : कामाच्या नोंदी

मशीन : डीटीपीच्या कामाचा डेस्कटॉप, ठिकाण अकोला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), साधं ग्राफिक्स कार्ड, विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, कामाच्या फायलींसाठी २ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. आधीची रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४ ३२०० (हा वेग), सीएल१६ (हे टायमिंग, म्हणजे रॅमला प्रत्येक कामासाठी द्यायचा वेळ, क्लॉकच्या ठोक्यांत), १.३५ व्होल्ट. मोठे फ्लेक्स आणि दोनशे-तीनशे पानांच्या स्मरणिका उघडल्या की १६ जीबी पुरत नव्हती, म्हणून ३२ करायचं ठरलं.

६ मे २०२४

त्याच कंपनीची, त्याच मॉडेल नंबरची ८-८ जीबीची जोडी आणली. ३,६०० रुपये. खोक्यावरचे आकडे तंतोतंत तेच : ३२००, १६-१८-१८, १.३५ व्होल्ट.

जुनी जोडी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये (प्रोसेसरकडून मोजून) होती, ती तिथेच ठेवली. नवी जोडी पहिल्या आणि तिसऱ्यात. असं केलं की प्रत्येक चॅनेलवर एक जुनी, एक नवी येते आणि दोन्ही चॅनेलना सारखी क्षमता मिळते. बोर्डाला एका बाजूलाच क्लिप आहे. दुसऱ्या बाजूची स्टिक पूर्ण खाली गेली की नाही हे वरून कळत नाही. टॉर्च मारून सोनेरी पट्टीची रेघ स्लॉटला समांतर दिसते का ते बघावं. तिरकी दिसली तर स्टिक बसलेली नाही.

चालू केल्यावर मशीन दोन वेळा आपोआप बंद-चालू झालं आणि मग बूट झालं. रॅम बदलल्यावर बोर्ड नव्यानं ट्रेनिंग घेतो (रॅमशी सिग्नल जुळवून बघतो), त्यात एवढं होतंच. बायोसनं सगळं डीफॉल्टवर, म्हणजे २१३३ वर आणून ठेवलं होतं. बायोसमध्ये 'काम' नावानं जुनं प्रोफाइल (रॅमच्या सेटिंगचा संच) जतन होतं, ते लोड केलं. ३२ जीबी, ३२०० वर. विंडोज सुरळीत.

८ मे

तक्रारी सुरू झाल्या, पण एकसारखं काहीच नाही. ब्राउझरचे टॅब मध्येच मरतात. पीडीएफ एक्सपोर्ट करताना लेआउटचं सॉफ्टवेअर काही न सांगता बंद होतं. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट'ची ब्लू स्क्रीन, एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'ची. मिनीडंप फाइलींत (ब्लू स्क्रीनच्या वेळी विंडोज लिहून ठेवतं त्या) दर वेळी वेगळा ड्रायव्हर दोषी दाखवलेला : एकदा ग्राफिक्सचा, एकदा नेटवर्कचा, एकदा खुद्द विंडोजचा कर्नल.

दर वेळी आरोपी वेगळा निघत असेल तर ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. एकच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा आला असता तर गोष्ट वेगळी.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' भरपूर आहेत. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढाच त्याचा अर्थ. ही नोंद बघून एसएमपीएस बदलायचा सल्ला सर्रास मिळतो. तेवढ्यावर विसंबून पैसे घालवू नयेत. 'व्हीया'ची (विंडोजनं टिपलेल्या हार्डवेअरच्या चुकांची) एकही नोंद नाही, पण त्यावरून रॅम निर्दोष ठरत नाही. साध्या रॅममध्ये ईसीसी (चूक पकडायची सोय) नसतं, त्यामुळे बिट उलटा पडला तरी तो नोंदवणारं कोणी नसतं.

९ मे

विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चालवली, 'स्टँडर्ड'वर. काहीही चूक नाही. तिच्यावर भरवसा ठेवू नका. ती पूर्ण मेलेली रॅम पकडते, कुरकुरणारी नाही.

त्यापेक्षा एक साधी चाचणी जास्त बोलकी ठरली. १२ जीबीची एक झिप फाइल एसएसडीवरून हार्ड डिस्कवर कॉपी केली आणि दोन्हींचं एसएचए-२५६ काढलं, म्हणजे मजकुरावरून निघणारी फाइलची सही; एक बिट बदलला तरी ती बदलते (विंडोजमधल्या सर्टयुटिलनं निघतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही). दोन्ही सही वेगळ्या. पुन्हा कॉपी केली तर तिसरीच सही. कॉपी 'यशस्वी' झाल्याचं विंडोज सांगतंय आणि फाइल मात्र बिघडलेली.

इथेच या मशीनवरचं छपाईचं काम थांबवलं आणि रोजचा आपोआप होणारा बॅकअप बंद केला. ब्लू स्क्रीनपेक्षा हे जास्त गंभीर आहे : खराब प्रत चांगल्या बॅकअपवर चढली की परतीचा रस्ता संपला.

१० मे

मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची ७ आवृत्ती पेनड्राइव्हवर टाकली. त्यासाठी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागलं. ३२ जीबीच्या एका फेरीला दीड-दोन तास धरावेत. दुपारी वीज गेली, पण यूपीएसवर तग धरला. यूपीएस नसेल तर ही चाचणी रात्री लावलेली बरी.

पहिल्याच फेरीत लाल ओळी : टेस्ट ७ मध्ये थोड्या, टेस्ट ९ मध्ये जास्त. पत्ते विखुरलेले, बिघडलेले बिटही दर वेळी निराळे. एखादा सेलच मेलेला असेल तर तोच पत्ता, तोच बिट पुन्हा पुन्हा येतो. विखुरलेल्या चुका म्हणजे टायमिंग, व्होल्टेज किंवा संपर्काकडे बोट. पत्त्यावरून स्टिक ओळखायच्या भानगडीत पडू नये. दोन चॅनेलवर डेटा आलटून पालटून बसतो, त्यामुळे एकच पत्ता 'या स्लॉटमधला' असं सहज सांगता येत नाही.

११ मे

आधी संपर्क तपासले. खोलीतल्या कूलरची दमट हवा आणि कापसाची बारीक धूळ यांचा स्लॉटमध्ये चिकट थर बसतो, इकडच्या मशीनना ते नेहमीचं. स्लॉट ब्लोअरनं साफ केले, स्टिकची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली (१०० मिलीची बाटली, १५० रुपये). खोडरबरानं घासायची पद्धत दुकानांतून रूढ आहे. गंज दिसत असेल तर एखाद वेळ चालेल, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि मुलामाही झिजतो. नव्या स्टिकला तर हात लावायचं कारणच नाही.

मग सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसची चालू सेटिंग पुसून डीफॉल्टवर आणली : वीज काढून, जंपर टाकून. प्रत्येक स्टिक एकटी, दुसऱ्या स्लॉटमध्ये, फक्त एक्सएमपी (स्टिकमध्येच कंपनीनं लिहिलेली वेगाची सेटिंग) चालू करून तपासली. चारही स्टिक स्वच्छ. नंतर जोड्या : जुनी जोडी स्वच्छ, नवी जोडी स्वच्छ.

चारही लावल्या, प्रोफाइल लोड केलं : चुका परत.

इथे कोणीही म्हणेल की स्टिक चांगल्या आहेत, चार स्टिकचा भार प्रोसेसरला झेपत नाही. तसं म्हणायला आधारही आहे. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन सिंगल रँक स्टिकना (रँक म्हणजे एकदम काम करणाऱ्या चिपचा गट) ३२००, चार सिंगल रँकना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६७ आहे. चार स्टिकवर ३२०० ही हमी नाहीच. नोंदीत निष्कर्षही हाच लिहिला गेला. तो अर्धाच बरोबर होता, आणि त्यानं पुढचा जवळपास आठवडा खाल्ला.

१३ मे

त्याच प्रोफाइलमध्ये फक्त वेग २९३३ केला. चुका खूप कमी झाल्या, पण शून्य नाहीत. २६६६ वर मेमटेस्टच्या तीन फेऱ्या स्वच्छ. कॉपी आणि सहीची चाचणीही जुळली. रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.४० करून ३२०० वर पुन्हा पाहिलं होतं, काहीच फरक नाही. ते परत १.३५ वर आणलं. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं) बोर्डनं स्वतःच १.१ च्या आसपास ठेवलं आहे, त्याला हात लावला नाही.

बायोस अपडेट करायचा विचार होता, तो मुद्दाम पुढे ढकलला. अपडेटनं एकाच वेळी दहा गोष्टी बदलतात आणि कशामुळे बरं झालं ते कळत नाही. शिवाय अपडेट चालू असताना वीज गेली तर रॅमचा प्रश्न मदरबोर्डवर जातो.

२६६६ वर मशीन कामाला दिलं.

१६ मे

दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा ब्लू स्क्रीन. बाहेर ४३ अंश, खोलीत ३८. संध्याकाळी तेच काम केलं तर काही होत नाही.

मेमटेस्टनं हे का पकडलं नाही त्याचं उत्तर सोपं आहे. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं असतं, कॅबिनेट तापतच नाही. खऱ्या कामात कार्डाची गरम हवा वर येऊन थेट स्टिकवर जाते. म्हणून चाचणी विंडोजमध्ये घेतली : टेस्टमेम५ (विंडोजमध्ये चालणारी रॅमची चाचणी) आणि सोबत ग्राफिक्सवर भार. स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर नाही, त्यामुळे इन्फ्रारेड थर्मामीटर हीटस्प्रेडरवर धरला. ४४ अंशांपर्यंत स्वच्छ, ५२ च्या आसपास चुका सुरू. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला की चुका थांबतात.

समोर १२० मिमीचा पंखा बसवला, ४५० रुपये. ते करायला हवंच होतं, पण ५२ अंशांना रॅमनं चुकता कामा नये. डीडीआर४ च्या चिप ८५ अंशांपर्यंत नेहमीच्या रिफ्रेशवर चालायला बनवलेल्या असतात. म्हणजे २६६६ वरसुद्धा कुठेतरी काहीतरी काठावर आहे.

१७ मे

वेग आणि व्होल्टेज सोडून बाकीची टायमिंग वाचायला घेतली. चालू टायमिंग झेनटायमिंग्जमध्ये दिसतात, स्टिकच्या एसपीडीमध्ये (स्टिकवरच्या माहितीच्या चिपमध्ये) काय लिहिलंय ते एचडब्ल्यूइन्फोमध्ये.

एसपीडीत दोन जोड्यांचा फरक दिसला. जुनी : सिंगल रँक, चिपची रुंदी ८ बिट. नवी : सिंगल रँक, रुंदी १६ बिट. नव्या स्टिकच्या खालच्या कडेनं, हीटस्प्रेडर आणि हिरव्या पट्टीच्या फटीतून टॉर्च मारला तर चारच चिप दिसतात, जुनीत आठ. क्षमता तीच ८ जीबी, पण जुनीत ८ गिगाबिटच्या आठ चिप आणि नवीत १६ गिगाबिटच्या चार. मॉडेल नंबर तोच ठेवून आतला माल बदललेला. फरकाची खूण एकच : लेबलवर मॉडेल नंबरच्या खाली बारीक अक्षरातला व्हर्जन नंबर. (हीटस्प्रेडर उपटून बघू नका, वॉरंटी जाते.)

आणि चालू टायमिंगमध्ये टीआरएफसी : ५६०.

रॅमच्या सेलमधला चार्ज झिरपत असतो, म्हणून कंट्रोलर सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेशचा हुकूम सोडतो. त्यानंतर रॅमला किती वेळ मोकळं सोडायचं ते टीआरएफसी सांगतं. जेडेकच्या (रॅमची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) तक्त्यात ८ गिगाबिट चिपला ३५० नॅनोसेकंद आहेत, १६ गिगाबिटला ५५०. या नव्या स्टिकच्या एसपीडीतही ५५०च लिहिलंय. ३२०० वर एक क्लॉक ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणजे ३५० साठी ५६० क्लॉक आणि ५५० साठी ८८० क्लॉक लागतात.

'काम' हे प्रोफाइल जुन्या जोडीसाठी बनवलेलं आहे आणि त्यात टीआरएफसी हातानं ५६० टाकलेलं आहे. जुन्या जोडीला ते अगदी योग्य. 'ऑटो' असतं तर बायोसनं चारही एसपीडी वाचून सगळ्यांत मोठा आकडा घेतला असता. हातानं टाकलेल्या आकड्यापुढे एसपीडीचं काही चालत नाही.

आता १३ तारखेचं कोडं सुटतं. वेग कमी केला तरी ५६० हा आकडा तोच राहिला, पण प्रत्येक क्लॉक लांबला :

३२०० वर ३५० नॅनोसेकंद
२९३३ वर ३८२
२६६६ वर ४२०
२१३३ वर ५२५

म्हणजे वेग उतरवला की दोष आपोआप सौम्य होत गेला आणि 'भार झेपत नाही' हेच खरं वाटलं. २६६६ वर ४२० मिळत होते. थंड असताना चिपनं निभावून नेलं, तापल्यावर चार्ज लवकर झिरपतो तेव्हा नाही. अगदी २१३३ वरही ५५० भरत नाहीत.

त्याच प्रोफाइलमध्ये टीएफएडब्ल्यू (रॅममधल्या चार ओळी उघडायला द्यायचा किमान अवधी) ३४ होतं. १६ बिट रुंदीच्या चिपचं पान, म्हणजे एका वेळी उघडणारी ओळ, मोठं असतं, त्यांना ३० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ३२०० वर ४८. टीआरआरडीचे (दोन ओळी उघडण्यामधल्या अंतराचे) दोन्ही आकडेही त्याच कारणानं अपुरे.

१८ मे

अंदाज पक्का करायला एका वेळी एकच बदल.

नवी जोडी एकटी, 'काम' प्रोफाइलवर, ३२०० : काही मिनिटांत चुका. ११ तारखेला हीच जोडी स्वच्छ निघाली होती, कारण तेव्हा सीमॉस क्लिअर केलेलं होतं आणि टायमिंग ऑटोवर होतं. प्रोफाइल फक्त चार स्टिकच्या वेळी लोड झालं होतं, म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. तुलना तिथेच फसली.

जुनी जोडी एकटी, त्याच प्रोफाइलवर : स्वच्छ.

नवी जोडी, प्रोफाइल तेच, फक्त टीआरएफसी ८८० : चुका गेल्या.

चारही स्टिक, टीआरएफसी ८८०, बाकीची दुय्यम टायमिंग ऑटो, ३२०० : मेमटेस्ट स्वच्छ, तापवून टेस्टमेम५ सुद्धा स्वच्छ, ५६ अंशांपर्यंत.

२० मे

तरी ३२०० ठेवलं नाही. चार स्टिकवर सकाळच्या पहिल्या बूटला अधूनमधून ट्रेनिंग फसतं, मशीन दोन-तीन हिसके देतं आणि २१३३ वर येऊन उभं राहतं. चालू झाल्यावर चूक नाही, पण ज्याला बायोस उघडता येत नाही त्याच्या हाती असं मशीन देऊ नये. चार सिंगल रँक स्टिकना २९३३ हाच अधिकृत आकडा, तोच ठरवला. भाराचा मुद्दा खरा होता तो एवढ्यापुरताच.

आत्ताची सेटिंग : एक्सएमपी चालू, वेग हातानं २९३३, एफक्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग, १४६७ (रॅमच्या क्लॉकशी एकास एक), १६-१८-१८-३८, गिअर डाउन (रॅमला हुकूम जरा सावकाश देणारी सेटिंग) चालू, व्होल्टेज १.३५, बाकी सगळं ऑटो. ऑटोवर बायोसनं टीआरएफसी ८०७ घेतलं. ५५० नॅनोसेकंदांना तेवढेच लागतात. हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं, सगळेच बोर्ड एसपीडी इमानदारीनं वाचतात असं नाही.

३२०० आणि २९३३ मधला फरक पीडीएफ एक्सपोर्टला घड्याळ लावूनही दिसला नाही. १६ ची ३२ जीबी झाल्याचा फरक मात्र पहिल्याच स्मरणिकेला दिसतो.

ज्यांना अजून खरेदी करायची आहे त्यांनी १६-१६ जीबीची एकच जोडी घ्यावी आणि जुनी विकून टाकावी. दोन स्टिक, एकाच डब्यातल्या, ३२०० वर अधिकृत. इथे सुमारे तीन हजार वाचवायला गेलो आणि वेळ त्याहून महाग पडला. जोडीत जोडी मिसळायचीच असेल तर दुकानातच व्हर्जन नंबर जुळवून बघा आणि बायोसमधली जतन केलेली प्रोफाइलं लोड न करता आधी ऑटोवर चालवा. सीमॉस क्लिअर केल्यानं ती प्रोफाइलं जात नाहीत, बोर्डाच्या फ्लॅशमध्ये तशीच राहतात.

२२ मे

रॅम सुधारली म्हणून डिस्कवर लिहिलं गेलेलं सुधारत नाही. ६ ते १७ मे दरम्यान जे जे या मशीननं लिहिलं ते सगळं संशयित धरलं.

क्रम असा ठेवला : आधी दोन्ही ड्राइव्हवर चेकडिस्क, मग डिस्मचं रीस्टोअर हेल्थ, शेवटी एसएफसी स्कॅननाउ (तिन्ही विंडोजमधलीच दुरुस्तीची साधनं). एसएफसी आधी चालवून उपयोग नाही; ते ज्या साठ्यातून फाइल दुरुस्त करतं तो साठाच बिघडलेला असू शकतो, आणि तो डिस्म दुरुस्त करतं. एसएफसीला काही सिस्टिम फायली बिघडलेल्या सापडल्या, दुरुस्त झाल्या. त्या अवधीत आलेले विंडोज अपडेट आणि ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले.

कामाच्या फायलींना असा डॉक्टर नाही. बदलाच्या तारखेनं यादी काढली. झिप आणि आरएआर ७-झिपच्या 'टेस्ट'नं तपासल्या, ते सीआरसी (फाइलसोबत जतन केलेला पडताळणीचा आकडा) बघतं. पीडीएफ पान पान उलटून. टिफ आणि जेपीजी १०० टक्क्यांवर उघडून : बिघडलेल्या जेपीजीत एका ओळीपासून खाली रंग सरकतो, तो लगेच दिसतो. टिफमध्ये मात्र एखादाच ठिपका चुकतो, तो फ्लेक्सवर छापल्यावरही कोणाला कळणार नाही. ते सोडून दिलं.

दोन झिप गेल्या. एकीची मूळ फाइल ग्राहकाच्या मेलमध्ये सापडली. दुसऱ्या झिपमधली स्कॅन पुन्हा करावी लागणार, मूळ फोटो मिळतील तेव्हा. ५ मे पर्यंतचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर हलवून ठेवला आहे, त्यावर काहीही लिहायचं नाही.

४ जून

मधल्या काळात ब्लू स्क्रीन नाही, कॉपीच्या सह्या जुळतात. दुपारच्या उन्हात सलग काम झालं. आपोआप बॅकअप पुन्हा चालू केला, पण नव्या फोल्डरमध्ये.

बायोसमधून 'काम' प्रोफाइल पुसून टाकलं. आताचं प्रोफाइल '३२_२९३३_ऑटो' या नावानं जतन केलं आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली : चारही स्टिकचे व्हर्जन नंबर, कोणती कुठल्या स्लॉटमध्ये, टीआरएफसी ८०७. बायोस अपडेट आता करायचं आहे, यूपीएसची बॅटरी बदलून झाल्यावर. डिसेंबर-जानेवारीत खोली १२-१५ अंशांवर असताना सकाळचं पहिलं बूट २९३३ वर टिकतं का, ते तपासायचं बाकी.